भाड्याचं सॉफ्टवेअर आणि बाबांचा फोटो

शेफील्डमध्ये ऑक्टोबरचा रविवार म्हणजे बाहेर रिपरिप पाऊस आणि घरात हीटर लावावा की अजून आठवडाभर कळ काढावी, याचा विचार. अशाच एका रविवारी आमच्या मराठी मंडळातले एक काका दारात उभे राहिले. एका हातात काकूंनी दिलेला चिवड्याचा डबा, खांद्याला लॅपटॉपची बॅग आणि गळ्यात नवाकोरा कॅमेरा. काका पुण्यातल्या एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागातून निवृत्त झाले आणि आता इथे लेकीकडे असतात. वाढदिवसाला लेक-जावयांनी मिळून त्यांना कॅननचा मिररलेस कॅमेरा घेऊन दिला. तेव्हापासून मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात काकांचा चेहरा दिसत नाही, नुसता कॅमेरा दिसतो.

"अगं, तुझा जास्त वेळ घेत नाही," चहा हातात यायच्या आत काकांनी विषय काढला. "फोटो सुधारायला कुठलं सॉफ्टवेअर घेऊ, तेवढं एक नाव सांग. आजच घेऊन टाकतो."

मी इथल्या एका कॅमेरा क्लबात बरीच वर्षं जाते. ऑगस्टमध्ये स्टॅनेज एजवर हेदर फुलला की पहाटे उठून तिथे पळणाऱ्यांतली मी. त्यामुळे हा प्रश्न मला दर महिन्याला कुणीतरी विचारतंच. पूर्वी मी एका दमात नाव सांगून मोकळी व्हायचे. त्या दिवशी मात्र माझ्या तोंडून नाव निघेना, कारण आदल्या वर्षभरात बाबांच्या फोटोचं प्रकरण झालं होतं. काकांना आधी तेच सांगितलं.

२००९ मध्ये मी साताऱ्याला गेले होते. सोबत माझा पहिला डीएसएलआर होता, दहा मेगापिक्सेलचा. सकाळी बाबा अंगणात स्कूटर पुसत होते. मी हाक मारली आणि त्यांनी वळून पाहिलं. हातात फडकं, चष्मा नाकावर घसरलेला, 'आता काय हिचं' असं अर्धवट हसू. इतका चांगला फोटो मी नंतर कुणाचाच काढला नाही. पण तेव्हा मला तो पुरेसा 'कलात्मक' वाटला नसावा. त्या काळी आपण सगळेच पिकासा वापरत होतो. फुकट होतं आणि सोपं होतं. त्यात मी तो फोटो चारी बाजूंनी कापून नुसता चेहरा ठेवला, वर सेपिया चढवला, त्यावर सॉफ्ट फोकस मारला आणि सेव्हचं बटण दाबलं. झालं. इंग्लंडला परत आल्यावर सगळा फोल्डर एका डिस्कवर टाकला आणि विसरले.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत बाबा गेले. दिवस झाल्यावर दादाचा फोन आला, "भिंतीवर लावायला बाबांचा एखादा बरा फोटो पाठव. आई म्हणते तो स्कूटरजवळचा हवा." मी डिस्क काढली. हाती लागला तो तपकिरी, धुरकट आणि कापून कापून जेमतेम १४०० पिक्सेल रुंद उरलेला चेहरा. सेपियातून रंग परत येत नाहीत. सॉफ्ट फोकसमध्ये विरघळलेली पापणी कितीही शार्प केली तरी सापडत नाही. हल्ली जुने फोटो आपोआप रंगवून आणि उजळून देणारे प्रोग्रॅम मिळतात. एकात तोही घालून पाहिला. त्यानं बाबांच्या सदऱ्याला आकाशी रंग दिला, कपाळावरच्या आठ्या पुसल्या आणि दात एकसारखे केले. दादाला पाठवला तर तो म्हणाला, "हे बाबांचे चुलतभाऊ वाटतायत." शेवटी साताऱ्याच्या भिंतीवर पेन्शनच्या कागदपत्रांसाठी काढलेला पासपोर्ट फोटो मोठा करून लागला. आई काही बोलली नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "मूळ फोटो कुठाय?"

"त्याच्यावरच सेव्ह केलं ना काका."

"ती डिस्क आण बघू."

डिस्क लावली. काकांनी चष्मा वर सरकवला आणि विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन लपवलेल्या फाइल्स दाखवण्याची खूण केली. इतकी वर्षं कॉम्प्युटर वापरते मी, पण हे त्या डिस्कवर करून पाहावं असं एकदाही डोक्यात आलं नव्हतं. त्या साताऱ्याच्या फोल्डरमध्ये एक फिकट रंगाचा फोल्डर उगवला. नावाची सुरुवात टिंबानं, पुढे 'पिकासाओरिजिनल्स'. पिकासात सेव्ह केलं की ते मूळ फोटोची प्रत गुपचूप अशा फोल्डरमध्ये ठेवून देत असे, हे मला त्या दिवशी कळलं. उघडला. ३८७२ बाय २५९२ पिक्सेल, पूर्ण रंगात. हिरवी स्कूटर, बाबांची बंडी, मागे तुळशीवृंदावन, आणि डाव्या कोपऱ्यात फक्त एक हात. बांगड्या घातलेला, कपबशी धरलेला.

आम्ही दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही. मग काका म्हणाले, "चहा निवला तुझा."

यानंतर सॉफ्टवेअरचं बोलणं साहजिकच वेगळ्या अंगानं झालं. एरवी आपण विचारतो, यात काय काय करता येतं? आकाश बदलता येतं का, मागून जाणारी माणसं पुसता येतात का? खरं सांगायचं तर हौशी माणसाला लागणाऱ्या गोष्टी, म्हणजे उजेड कमी-जास्त करणं, रंग सांभाळणं, कापणं, सरळ करणं, डाग काढणं, आता सगळ्याच चांगल्या प्रोग्रॅममध्ये असतात. मी काकांना म्हटलं, आपण दोनच गोष्टी आधी बघू. मी फोटोवर जे काही करते, ते हा प्रोग्रॅम नेमकं कुठे लिहून ठेवतो? आणि उद्या मी पैसे भरणं थांबवलं किंवा कंपनीनं दुकान बंद केलं, तर माझ्या हातात काय उरतं?

दुकानं बंद होतात हो. पिकासा गूगलनं २००४ मध्ये विकत घेतलं आणि २०१६ मध्ये बंद केलं. ॲपलचं ॲपर्चर २००५ मध्ये आलं, कित्येक व्यावसायिक फोटोग्राफर त्यावर विसंबले, आणि २०१४ मध्ये ॲपलनं ते पुढे चालवणार नसल्याचं जाहीर केलं. निक नावाचे फिल्टर आधी विकत मिळायचे. ती कंपनी गूगलनं घेतली, २०१६ मध्ये ते फुकट वाटले आणि पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या डीएक्सओला विकले. तिथे ते पुन्हा विकत झाले. आमच्या इथून तासाभरावर नॉटिंगहॅम आहे. तिथल्या सेरिफ कंपनीचं अफिनिटी फोटो २०१५ मध्ये आलं, तेव्हा एकरकमी पैसे भरून घेण्यासाठी क्लबातल्या मंडळींच्या उड्या पडल्या होत्या. २०२४ मध्ये ते ऑस्ट्रेलियाच्या कॅनव्हाकडे गेलं.

ॲडोबीची गोष्ट वेगळी. ती बंद पडली नाही, तिनं भाडं सुरू केलं. २०१३ मध्ये फोटोशॉपच्या पुढच्या आवृत्त्या पेटीत विकणं थांबलं. लाइटरूमची एकरकमी मिळणारी शेवटची आवृत्ती, सहावी, २०१५ मधली. तिचे अपडेट २०१७ अखेर थांबले, त्यामुळे त्यानंतरच्या कॅमेऱ्यांच्या रॉ फाइल्स ती थेट उघडत नाही. ॲडोबीच्याच फुकट कन्व्हर्टरमधून त्या डीएनजीमध्ये बदलून घ्याव्या लागतात.

'भाडं' हा शब्द ऐकताच काका खुर्चीत ताठ झाले. "म्हणजे दर महिन्याला? आणि कधीच आपलं होत नाही?"

"नाही काका. मी सुरू केलं तेव्हा महिन्याला दहा पौंडांच्या जरा आत पडायचं. तो स्वस्तातला प्लॅन २०२५ च्या जानेवारीपासून नव्या गिऱ्हाइकांना बंद झाला."

"मग सोडलं की संपलं?"

इथे मला ॲडोबीची बाजूही घ्यावी लागली. लाइटरूम क्लासिकमध्ये भाडं थांबलं तरी फोटो दिसतात, शोधता येतात, केलेल्या बदलांसकट बाहेर काढता येतात. नवे बदल करण्याचा कप्पा तेवढा बंद होतो. मी स्वतः अजूनही हे भाडं भरते आणि त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. माझे पन्नास हजारांच्या वर फोटो आहेत. 'आई' आणि 'दिवाळी' असं लिहिलं की तेवढेच समोर येतात. ही सोय मला जेवणातल्या मिठासारखी लागते. पण एक सावधगिरी बाळगते. लाइटरूम सगळे बदल एका कॅटलॉगच्या फाइलमध्ये लिहितं. ती बिघडली की सगळं गेलं. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक फोटोशेजारी एक्सएमपी नावाची छोटी चिठ्ठीही लिहायला सांगून ठेवलं आहे. आणि दर दिवाळीला त्या वर्षातले निवडक दोन-तीनशे फोटो साध्या जेपेगमध्ये काढून दोन डिस्कवर ठेवते. एक इथे, एक साताऱ्याला दादाच्या कपाटात.

काका फक्त जेपेग काढत होते, त्यावरही थोडं बोलणं झालं. रॉ फाइल म्हणजे काय, ते त्यांना निगेटिव्हच्या उदाहरणावरून लगेच कळलं. त्यांच्याकडे पुण्यात खाकी पाकिटांत तारखा घालून ठेवलेल्या निगेटिव्ह आहेत म्हणे. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या फक्त २५६ पायऱ्या असतात. १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. काळोखात बुडालेला चेहरा वर काढताना या पायऱ्याच उपयोगी पडतात. फाइल मोठी होते, डिस्क भरते, हे खरं. पण रॉ वापरणारे बहुतेक प्रोग्रॅम मूळ फाइलमधल्या चित्राला हातच लावत नाहीत. काय करायचं ते बाजूला लिहितात आणि प्रत काढताना लागू करतात. म्हणजे २००९ मधल्या माझ्यासारखी कलात्मक लहर कुणाला आली, तरी नुकसान होत नाही.

खरी परीक्षा मात्र हळदीच्या फोटोंनी घेतली.

डिसेंबरात काका पुतण्याच्या लग्नाला कोल्हापूरला गेले आणि माझं ऐकून या वेळी रॉमध्ये फोटो काढून आले. जानेवारीत पुन्हा लॅपटॉपसह हजर. हळद म्हणजे फोटोग्राफरची फजिती. वर मांडवाचं पिवळं-केशरी कापड, त्यातून गाळून आलेलं ऊन, खाली हळदीनं माखलेला नवरा, आजूबाजूला झेंडू. कॅमेरा गोंधळतो, माणसांचे चेहरे कावीळ झाल्यासारखे दिसतात. आम्ही पाच फोटो निवडले आणि तेच पाच तीन प्रोग्रॅममध्ये उघडले. माझ्या लाइटरूममध्ये, कॅननच्या कॅमेऱ्यासाठी कंपनी स्वतः फुकट देते त्या डिजिटल फोटो प्रोफेशनलमध्ये आणि रॉथेरपी नावाच्या पूर्ण मोफत प्रोग्रॅममध्ये. काकांनी डार्कटेबलही आणलं होतं. तेही मोफत आहे आणि फार ताकदीचं आहे. पण त्यातली मॉड्यूलची रांग बघून काका म्हणाले, "हे मी पंचाहत्तरीला शिकेन."

आधी तिन्हीकडे रंगाचं 'ऑटो' दाबून पाहिलं. आपोआप रंग ठरवणाऱ्या बटणाला हळद हा दोष वाटतो. ते इमानेइतबारे पिवळा काढायला जातं आणि अंगाची हळद फिकट, माणसं राखाडी करून ठेवतं. मग काकांना दाखवलं की असं नाही, चित्रात खरोखर पांढरी असलेली एखादी वस्तू शोधायची आणि पिपेटनं तिच्यावर क्लिक करायचं. नवऱ्याचा बनियन बाद, तो पिवळाधमक. अक्षताही कुंकवात घोळलेल्या. काकांनीच शोधून काढली, मागच्या रांगेत बसलेल्या एका आजोबांची गांधी टोपी! तिच्यावरही तेच मांडवातलं ऊन पडत होतं. टोपीवर क्लिक केलं आणि सगळ्यांचे चेहरे जागेवर आले, हळद हळदीसारखी दिसू लागली. काकांनी टाळीच वाजवली. हे तिन्ही प्रोग्रॅममध्ये जमलं. पैसे भरलेल्यात आणि फुकटात काडीचा फरक नव्हता.

फरक पडला तो संध्याकाळच्या फोटोंत. हॉलमधल्या मंद उजेडात काढलेले ते फोटो टिपक्यांनी भरले होते. लाइटरूमचं २०२३ मध्ये आलेलं नवं डीनॉइज तिथे सरळ जिंकलं. माझ्या जुन्या लॅपटॉपला एका फोटोसाठी चार-पाच मिनिटं लागली, पण शालूचे काठ आणि टिपके त्यानं बरोबर ओळखले. रॉथेरपीत तेवढं स्वच्छ झालं नाही. काकांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहिले आणि म्हणाले, "टिपके राहू देत. रात्रीचं लग्न आहे, रात्रीसारखं दिसलं तर काय बिघडलं?" मला स्वतःला ते पटलं नाही, पण फोटो त्यांचा.

आणखी एका प्रोग्रॅमची फुकट वापरून पाहायची मुदत चालू होती म्हणून तोही उघडला. नाव घेत नाही. त्यातलं 'पोर्ट्रेट' बटण दाबताच काकांच्या वहिनी दोन छटा गोऱ्या झाल्या आणि गालावरचा तीळ गायब. काका हसले नाहीत. "तिला चाळीस वर्षं ओळखतो मी," म्हणाले आणि खिडकी बंद केली. आपल्या घरातल्या गव्हाळ, सावळ्या रंगांना परस्पर उजळ करणारं बटण ज्यात असेल, तो प्रोग्रॅम माझ्या यादीतून तिथेच बाद होतो. ज्यांना असं बटण हवं असेल त्यांनी जरूर घ्यावं, पण निदान ते किती जोरात चालवायचं हे आपल्या हातात आहे की नाही, ते आधी बघावं.

काकांनी शेवटी काय घेतलं? रॉथेरपी. कारण ऐकून मला हसू आलं. हा प्रोग्रॅम प्रत्येक फोटोशेजारी पीपी३ नावाची चिठ्ठी लिहितो. काकांनी ती नोटपॅडमध्ये उघडली. आत साधा मजकूर. एक्स्पोजर किती वाढवला, रंगाचं तापमान किती धरलं, कुठून कुठे कापलं, सगळं ओळीत. "अगं, हे तर लेजर आहे!" जन्मभर बँकेत काढलेल्या माणसाला याहून मोठं प्रमाणपत्र नको होतं. या चिठ्ठ्या दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅमला समजत नाहीत, हे मी बजावून सांगितलं. त्यावर म्हणाले, "मला समजतात ना. उद्या गरज पडली तर आकडे बघून दुसरीकडे हातानं भरीन." फोटो शोधायची सोय रॉथेरपीत माझ्यासारखीला पुरेशी नाही. काकांना त्याचं काही नाही. ते तारखेचे फोल्डर करतात आणि एका वहीत लिहून ठेवतात. हो, कागदाच्या वहीत.

एक गोष्ट आम्ही दोघांनीही उशिरा शिकली. काकांनी इथे छापून घेतलेले पहिले फोटो काळपट आले, तेव्हा त्यांनी सॉफ्टवेअरला बोल लावला. दोष लॅपटॉपच्या पडद्याचा होता. उजेड अगदी शेवटपर्यंत चढवलेला. पडदाच झगझगीत असला की आपण फोटो विनाकारण काळा करत जातो. आता काका पडद्याचा उजेड निम्म्यावर ठेवून, खिडकीचा पडदा ओढून बसतात. काकू म्हणतात, घरात डार्करूम केली आहे.

बाबांचा फोटो मी मुद्दाम जास्त सुधारला नाही. सावलीतला चेहरा थोडा वर काढला, तिरकी झालेली भिंत सरळ केली आणि पूर्ण फोटो, न कापता, दादाला पाठवला. जेपेग, एसआरजीबी, बाकी काही नाही. दादा तो घेऊन राजवाड्याजवळच्या एका स्टुडिओत गेला. तिथल्या मुलानं पडद्यावर पाहिला आणि म्हणाला, "फोटो मस्त आहे, पण कोपऱ्यात कुणाचा तरी हात आलाय. एका मिनिटात काढून देतो, कळणारसुद्धा नाही." दादानं तिथूनच घरी फोन लावला.

आई म्हणाली, "राहू दे तो हात. चहा मीच नेला होता."